टी-शर्टात काही होत नाही, मग सुटातच जीव का गुदमरतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही 37 वर्षांचे, पुण्यात आयटीत, लग्न झालेलं, एक मुलगी. दहावीपासून अधूनमधून साडी नेसता किंवा पंजाबी ड्रेस घालता. बायकोला लग्नानंतर काही वर्षांनी सांगितलंत. ती कौतुक करत नाही, पण अडवतही नाही. 2020 ची टाळेबंदी लागली आणि कॅमेऱ्यापुरता इस्त्रीचा शर्ट, खाली परकर, असे बरेच दिवस सुखात गेले. आता रोज ऑफिसला जावं लागतं, बढती मिळाली आहे, परदेशी क्लायंटसमोर ब्लेझर आणि टाय लागतो. त्यात मेव्हण्याचं लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी सूटपीस दिला. टेलरकडे मापाला उभे राहिलात तर घाम फुटला, छाती धडधडायला लागली, मापं अर्धवट टाकून बाहेर आलात. जीन्स-टी-शर्टात असं काहीच होत नाही. तुम्ही विचारता: माझ्यात काही बिघाड झालाय का? की मी आतून बाईच आहे आणि इतकी वर्षं स्वतःला फसवतोय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या माहितीवरून कुणालाच देता येणार नाही. कुणी दिलंच तर त्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्याचं देता येतं: नाही, बिघाड नाही. आणि तुम्ही जाता जाता लिहिलेलं टी-शर्टाचं वाक्य या सगळ्यात सर्वांत कामाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तुमच्या ऑफिसात रोज कोण काय घालून येतं ते आठवा. जीन्स, टी-शर्ट, कुर्ता, स्पोर्ट्स शूज, थंडीत जॅकेट. यातलं काय बायका घालत नाहीत? रोजच्या कपड्यांमधली बाई-पुरुष ही भिंत शहरांत तरी बरीचशी पडली आहे. ती शाबूत राहिली आहे औपचारिक कपड्यांत. लग्नाच्या हॉलमध्ये एका बाजूला पैठणी, शालू, नथ, गजरा. दुसऱ्या बाजूला काळे, निळे, राखाडी कोट. मुलाखत, सत्कार, परदेशी पाहुण्यांसमोरची बैठक, सगळीकडे तेच. टी-शर्ट घालताना तुम्ही नुसते कपडे घालता. सूट घालताना पुरुषाचा पोशाख घालता. ज्याला ही सीमारेषा ओलांडायची ओढ आहे त्याला ती जिथे अजून ठळक आहे तिथेच टोचणार. म्हणून क्रॉसड्रेसिंग करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या लिंगाचे समजले जाणारे कपडे घालणाऱ्या अनेकांना बनियन-लुंगीत काही वाटत नाही आणि ब्लेझर चढवला की आवळल्यासारखं होतं. तुम्ही एकटे नाही, आणि हे नवीनही नाही. बर्लिनच्या डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1910 साली अशा 17 जणांचे वृत्तांत छापले. त्यांतला एक सोडून बाकी सगळे पुरुष होते, बरेचसे लग्न झालेले. आपल्याच लिंगाच्या कपड्यांत बांधल्यासारखं, दडपल्यासारखं वाटतं, ते कपडे परके वाटतात, आणि दुसरे घातले की शांत वाटतं, असं ते सांगत होते. शंभराहून जास्त वर्षं झाली, बर्लिन कुठे आणि बाणेर कुठे, तरी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणारे लोक जवळजवळ याच शब्दांत बोलतात.

आता सुटाकडे जरा कारागिराच्या नजरेने पाहू. ज्या वयस्कर टेलरकडे मी काही जणांना पाठवते त्यांनी मला एकदा कोट उसवून दाखवला होता. समुपदेशनाच्या पुस्तकांत न मिळणारं शिक्षण ते. कोटाच्या पुढच्या भागात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कॅनव्हास असतो, स्वस्त कोटात त्याऐवजी चिकटवलेलं फ्यूजिंग. खांद्यात पॅड. कॉलरीत बकरम, म्हणजे ताठ कापड. हे सगळं कशासाठी? खांदे असतील त्याहून रुंद दिसावेत, छाती भरलेली दिसावी, कंबर कोटाच्या रेषेत झाकली जावी, पार्श्वभागाची गोलाई पुसली जावी. अंगाचा आकार जसा असेल तसा राहू द्यायचा नाही, त्यावर एक ठरलेला पुरुषी आकार उभा करायचा, हेच चांगल्या कोटाचं काम. साडी याच्या उलट वागते. ती अंगाबरोबर फिरते, कंबर दाखवते, खांद्यावरून ओघळते. तुम्ही घरी जो आकार मिळवायला धडपडता, नेमका तोच पुसून टाकायला कोट बनवलेला असतो. तेव्हा टेलरच्या तीन बाजूंच्या आरशात तुम्हाला जे दिसलं ते काल्पनिक नव्हतं. कापड खरोखरच तुमच्या विरुद्ध काम करत होतं.

पण सगळा दोष मनावर आणि लिंगओळखीवर (आपण पुरुष की बाई या आतल्या जाणिवेवर) टाकण्याआधी शरीराचा हिशोब करा. ही पायरी लोक नेहमी गाळतात. घरून काम करण्याच्या काळात वजन वाढलं का? गळ्याचं माप वाढतं आणि माणूस जुन्याच मापाचे शर्ट घालत राहतो. वरचं बटण लावल्यावर कॉलर आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत; जात नसतील तर गुदमरणं हे रूपक नाही, साधी वस्तुस्थिती आहे. टायबद्दल तर संशोधनच झालंय. 2003 मध्ये घट्ट टायमुळे डोळ्यांतला दाब वाढतो असं नेत्रतज्ज्ञांनी दाखवलं, आणि 2018 मध्ये जर्मनीतल्या कीलच्या संशोधकांनी 30 निरोगी तरुणांवर एमआरआय करून पाहिलं तेव्हा टाय घट्ट बांधलेल्या गटात मेंदूचा रक्तप्रवाह सरासरी 7.5 टक्क्यांनी घटलेला आढळला. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण टाय बांधल्यावर काहीतरी बदलल्यासारखं वाटतं म्हणणारा माणूस नाटकी नसतो, एवढं त्यावरून म्हणता येतं. टाय नसतानाही गळ्याशी काही अडकल्यासारखं वाटत असेल तर थायरॉइड आणि ॲसिडिटी या दोन गोष्टी फॅमिली डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट. क्रॉसड्रेसिंग करणारे बरेच जण पायांचं, छातीचं वॅक्सिंग करतात, पण हे टेलरला सांगायला लाजतात. केस काढलेल्या कातडीवर जाडसर लोकरी कापड घासतं, आणि चार दिवसांनी खुंट वाढले की पॉलिस्टरच्या अस्तरात अडकतात. पँटला गुडघ्यापर्यंत मऊ अस्तर लावून घ्या. तशी पद्धत टेलरांना माहीत असते, कारण विचारत नाहीत. कापड हलकं घ्या, आणि कोटाचं अस्तर व्हिस्कोजचं सांगा. पॉलिस्टर पुण्याच्या मे महिन्यात कुणालाच सोसत नाही. मुंढा जरा वर आणि बेताचा ठेवला तर हात उचलताना अख्खा कोट वर येत नाही. खांद्यात पॅड अगदी पातळ किंवा नकोच म्हणून सांगा. हे न सांगता, जुन्या पद्धतीने शिवलेला, पॅड भरलेला कोट घालून 'मला सूट सहन होत नाही' असं ठरवणं म्हणजे चपलेत खडा असताना चालण्याचीच भीती वाटते म्हणण्यासारखं आहे.

हे सगळं केल्यावर काहींचा त्रास अर्ध्यावर येतो. काहींचा केसभरही कमी होत नाही. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं तुम्ही या दोघांच्या मधे कुठेतरी आहात, कारण तुमचा घाम कोट अंगावर चढण्याआधीच फुटला. टेलरने अजून टेपच लावली होती.

तेव्हा मापाच्या पलीकडे जाऊ. तो सूटपीस दिला कुणी? सासऱ्यांनी. कशासाठी? जावई म्हणून. आपल्याकडे जावयाला दिलेलं कापड हे नुसतं कापड नसतं, मान असतो, आणि मानाबरोबर भूमिका येते: हॉलच्या दारात उभं राहायचं, पाहुण्यांशी हात मिळवायचे, फोटोत सासऱ्यांच्या शेजारी, बायकोच्या मागे, खांदे ताठ. टेलर म्हणाला असेल, 'साहेब, एकदम रुबाबदार दिसाल.' मला अनेकांनी सांगितलंय की टोमण्यापेक्षा हे कौतुकच जास्त झोंबतं. टोमण्याविरुद्ध मनात उत्तर देता येतं. कौतुक स्वीकारावं लागतं, हसून. आणि ज्याचं कौतुक होतंय तो आपण नव्हेच, असं आतून वाटत राहतं. क्लायंटसमोरचा ब्लेझरही असाच. तिथे बढती मिळालेला, निर्णय घेणारा, आवाज खाली न जाऊ देणारा पुरुष अपेक्षित असतो. काहींना टाय बांधताना वडील आठवतात, काहींना शाळेतली ती इलॅस्टिकची टाय आणि 'मुलासारखा नीट उभा राहा' म्हणून ओरडणारे पीटीचे सर. तुमच्या बाबतीत कोण आठवतं ते मला माहीत नाही. पण टेप गळ्याभोवती आली त्या क्षणी मनात कुणाचा आवाज आला, हे शांतपणे आठवून पाहा.

आणि वेळेचा भागही आहे. सलग काही दिवस साडीत, परकरात काढल्यावर पुरुषी कपड्यांकडे परतताना जे रिकामं, चिडचिडं वाटतं ते या मंडळींना चांगलंच ओळखीचं असतं. बायकी कपड्यांची जी धुंदी चढते तिला त्यांच्यात 'पिंक फॉग' म्हणतात, ती उतरतानाचा हा भाग. तुमच्याकडे ती धुंदी महिनोन्‌महिने टिकली, कारण टाळेबंदीने दार लावून घेतलं होतं. मग दार उघडलं, आणि उघडलं तेही थेट ब्लेझर-टायकडे, मधे काही पायऱ्याच नाहीत. पूर्वी असं होत नव्हतं असं तुम्ही म्हणता. शक्य आहे. पूर्वी तुलना करायला इतका मोठा सुखाचा काळ मागे नव्हता.

आता 'मी आतून बाईच आहे का' याकडे येते. कपड्याचा त्रास होतो यावरून याचं उत्तर कळत नाही. कपडा काढल्यावर काय होतं, त्यावरून मात्र पुष्कळ कळतं. इथे थोडा वेळ द्या, कारण मी इतर काहीही विचारण्याआधी हेच विचारते.

सूट उतरवलात. त्यानंतर साधा कुर्ता-पायजमा घातला आणि बरं वाटलं, श्वास मोकळा झाला, विषय संपला? मग त्रास औपचारिकतेचा आहे, मापाचा आहे, त्या भूमिकेचा आहे. असा त्रास क्रॉसड्रेसिंग न करणाऱ्या लाखो पुरुषांनाही होतो. की कुर्त्याने भागत नाही, साडी नेसली किंवा निदान परकर घातला, बांगड्या चढवल्या तेव्हाच जीव थाऱ्यावर येतो? मग तुमच्यातल्या त्या दुसऱ्या बाजूला जागा कमी पडते आहे, आणि सूट त्या टंचाईची आठवण करून देतो. की सूट काढला, साडी नेसली, साडीही उतरवली, आणि अंघोळीच्या वेळी उघड्या अंगाकडे बघतानाही तेच परकेपण उरतं? दाढीचे खुंट, आवाज, छाती, लिंग हेच आपलं नाही असं वाटतं, आणि हे कधीमधी नव्हे तर महिनोन्‌महिने? मग प्रश्न कपड्यांचा राहत नाही, आणि त्यासाठी लिंगओळखीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं.

काही आठवडे एका वहीत टिपून ठेवा. कधी काय घातलं, कुणी पाहिलं, काढल्यावर पुढे काय घातलं आणि कशाने हलकं वाटलं. निबंध नको, दोन ओळी पुरेत. फोनमध्ये लिहीत असाल तर कुलूप लावा, मुलगी फोन घेत असेल.

दुसरा एक प्रश्न मी विचारते, तो ऐकायला विचित्र वाटतो. स्त्री म्हणून स्वतःची कल्पना करता तेव्हा तुम्ही काय घातलेलं असतं आणि काय करत असता? पैठणी, नथ, खोपा, फोटो, एवढंच दिसतं? की जुन्या गाऊनवर ओढणी टाकून कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून घेताना, बँकेत रांगेत उभं असताना, चष्मा पुसताना, म्हातारपणी गुडघे धरून जिना चढतानाही तुम्ही स्वतःला बाईच बघता? पहिलं दिसणं खोटं किंवा उथळ असं मुळीच नाही. सजण्याची हौस हीसुद्धा खरी ओढ आहे, आणि पुरुषांना ती करायला जागाच ठेवलेली नाही. पण कंटाळवाण्या मंगळवारीही बाई असावंसं वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. हा काही रक्ततपासणीसारखा निर्णायक प्रश्न नाही. काही जणांचं उत्तर वर्षागणिक बदलताना मी पाहिलं आहे. तरी ज्यांनी तो स्वतःला कधी विचारला नव्हता त्यांना त्याचा उपयोग होतो.

निदानाच्या भाषेबद्दल थोडक्यात सांगते, कारण इंटरनेटवर जुने शब्द अजून फिरतात आणि लोक घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या वर्गीकरणात क्रॉसड्रेसिंगला दोन स्वतंत्र निदानं होती. 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या अकराव्या आवृत्तीतून ती दोन्ही काढून टाकली गेली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या पुस्तिकेत निदान अजून आहे, पण कपडे घालणं पुरेसं नाही. त्याच्याशी जोडलेली लैंगिक उत्तेजना आणि त्यापायी होणारा लक्षणीय त्रास किंवा जगण्यात येणारा अडथळा, दोन्ही असावे लागतात. थोडक्यात, तुम्ही साडी नेसता म्हणून कुणी तुम्हाला रोगी म्हणू शकत नाही.

या विषयावर बोलताना लोक माझ्यापुढे हमखास बालगंधर्वांचं नाव ठेवतात: बघा, महाराष्ट्राने शालू नेसलेल्या पुरुषाला डोक्यावर घेतलं! खरं आहे, पण तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते रंगभूमीवरचं काम होतं, तिकीट काढून पाहिलेलं, आणि रंग उतरवल्यावर ते कोट-टोपीत वावरत. स्टेजवर मिळणारी मुभा बेडरूममध्ये मिळत नाही, ऑफिसात तर नाहीच. मला त्यापेक्षा उपयोगी वाटतं ते आपल्याच जुन्या पुरुषांचं ठेवणीतलं वस्त्र. पेशवाईतल्या सरदाराच्या अंगावर काय असे? घेरदार जामा, जरीचा शेला, पगडीत मोत्यांचा तुरा, कानात भिकबाळी, हातात कडं. रुबाब आणि नटणं यांत तेव्हा भांडण नव्हतं. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत दरबारी पुरुष रेशीम, लेस, उंच टाचा वापरत. शतकाच्या अखेरीस ते झडून गेलं आणि पुढे काळ्या-राखाडी कोटाचं राज्य आलं. मानसशास्त्रज्ञ फ्लूगेल यांनी 1930 मध्ये याला पुरुषांनी केलेला मोठा त्याग म्हटलं. इंग्रजी अमलात तो त्याग आपण उन्हाळ्यासकट उसना घेतला. 'खरा पुरुषी पोशाख' म्हणून जो तुमच्या गळ्यात पडतो आहे, त्याचं वय एवढंच.

आणि यातूनच तुमच्या मेव्हण्याच्या लग्नाची वाट निघते. जावयाने सूटच घालावा असं कुठल्याही पंचांगात लिहिलेलं नाही. रेशमी धोतर किंवा पितांबर, त्यावर रेशमी कुर्ता, जरीकाठी उपरणं, हवा तर फेटा, आणि भिकबाळी. सासरे नाराज होण्याऐवजी खूशच होण्याची शक्यता जास्त. धोतराला निऱ्या आहेत, काठ आहे, कापड अंगाबरोबर हलतं, पोटाशी खोचलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना यात सुटापेक्षा कितीतरी मोकळं वाटलं आहे. पैठणीच्या काठाचं उपरणं किंवा जॅकेट आता पुरुषांसाठीही सर्रास मिळतं. निऱ्या जमत नसतील तर शिवलेलं धोतर लक्ष्मी रोडवर सहज मिळेल. (तुम्हाला निऱ्या जमत नसतील असं मात्र मला वाटत नाही. फक्त मेव्हण्याच्या मित्रांसमोर फार सराईतपणे घालू नका!) सूटपीसचं काय? त्यातून रिसेप्शनसाठी बिनबाह्यांचं जॅकेट किंवा बंदगळा शिवा. दिलेल्या कापडाचा मान राहतो. बंदगळ्याची कॉलर मात्र गळ्याला लागते, म्हणून वरचा हूक सैल ठेवायला सांगा.

क्लायंटच्या बैठकीला धोतर चालणार नाही. तिथे आधी हे पाहा की टाय खरोखर कुणी मागितली आहे की तुम्हीच गृहीत धरली आहे. बऱ्याच कंपन्यांत ती सक्ती कागदावरही उरलेली नाही. मॅनेजरला 'टाय घालायला हवीच का?' एवढा प्रश्न विचारायला कसलंही गुपित फोडावं लागत नाही. पॅडशिवायचा मऊ ब्लेझर, आत उभ्या कॉलरचा शर्ट, रंगात थोडं धाडस: करडा गुलाबी, मोरपंखी, जांभळट. रेशमी रुमाल खिशात. घड्याळाचा पट्टा नाजूक. या बारीकसारीक गोष्टी बाहेरच्याला दिसतही नाहीत, पण अंगावर काहीतरी आपलं आहे एवढं तुम्हाला कळतं.

आतून बायकी कपडे घालून वर सूट चढवणं, म्हणजे अंडरड्रेसिंग, हा उपाय अनेक जण स्वतःच शोधून काढतात. माझा त्याला विरोध नाही. काहींना त्याने दिवस निभावतो. पण तुमच्यासारख्या धडधड होणाऱ्या माणसाला एक इशारा: आत काही घातलंय म्हणून कुणाला दिसेल का, या भीतीने तीच धडधड दुप्पट झाली तर तोटाच. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी स्लिप उठून दिसते, कातडीच्या रंगाची दिसत नाही. विमान प्रवास असेल त्या दिवशी नको, सुरक्षा तपासणीत अंग चाचपतात. बुटात लपलेल्या पायांच्या नखांना रंग, हा सर्वांत बिनधोक प्रकार. फक्त जिथे बूट काढावे लागतील अशा घरी त्या दिवशी जेवायला जायचं नाही.

धडधडीवर वेगळं काम करता येतं. तुमचं वर्णन पॅनिकसारखं आहे, आणि पॅनिकला हळूहळू सवयीने उतरवता येतं. घरी, एकटं असताना, नुसता कोट पाच-दहा मिनिटं, गळा मोकळा, आरसा नाही. त्यानंतर हवं ते घाला. काही दिवसांनी वेळ वाढवा, मग कॉलर, मग आरसा, शेवटी टाय. श्वास नाकाने आत, तोंडाने सावकाश बाहेर, बाहेरचा आतल्यापेक्षा लांब. याचा हेतू नीट समजून घ्या. बैठकीचा एक तास तुम्हाला घाम न फुटता काढता यावा, एवढाच. साडीची ओढ जावी हा हेतू नाही, आणि ती अशाने जातही नाही. कुणी तसं आश्वासन दिलं तर तो उपचार नाही. लैंगिकता आणि लिंगओळख 'बदलण्याच्या' अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. त्याच सुरात सांगते: या घाबरण्याच्या भरात कपाटातल्या साड्या फेकून देऊ नका. 'आता कायमचं बंद' म्हणून सगळं टाकायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा विकत घ्यायचं, हे चक्र क्रॉसड्रेसिंग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी फिरून पाहिलेलं असतं. त्यात पैसे जातात आणि आपल्याबद्दलची घृणा तेवढी वाढते.

बायकोशी बोला, आणि लग्नाच्या खरेदीआधी बोला. तिला साडीची माहिती आहे, सुटाच्या त्रासाची नाही. टेलरकडून अर्धवट परत आलात हे तिला तिच्या वडिलांकडून कळलं तर ती स्वतःच अर्थ लावेल, आणि अशा घरांतल्या बायकांच्या मनातला पहिला अर्थ बहुधा हाच असतो: आता हा पूर्ण बाई व्हायला निघाला. ती भीती तिने तुम्हाला बोलून दाखवली नसेल, पण 'अडवत नाही, कौतुकही करत नाही' या तुमच्या वाक्यात मला ती दिसते. तिला जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. उदाहरणार्थ: 'मला सूट घातला की घाबरायला होतं. का होतं ते मी शोधतोय. बाबांनी दिलेल्या कापडाचा अपमान करायचा नाहीये, म्हणून धोतर-कुर्ता घालू का आणि त्यातून जॅकेट शिवू का?' जे अजून तुम्हालाच ठाऊक नाही त्याबद्दल वचन देऊ नका. 'मी कधीच बदलणार नाही' हेही नको आणि 'मला वाटतं मी बाईच आहे' हेही आत्ता नको. तिला प्रश्न पडतील. त्यातल्या काहींना 'माहीत नाही' हेच उत्तर असेल आणि ते चालतं. मुलीसमोर काय आणि किती, हा तुम्हा दोघांचा स्वतंत्र विषय आहे, तो या गडबडीत ओढू नका.

प्रत्यक्ष भेटायला कुणी हवं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना फोनवरच विचारून घ्या की लिंगओळखीच्या प्रश्नांवर काम केलंय का. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून या क्षेत्रात आहे, तिथून नावं मिळू शकतील. रात्री-बेरात्री फार घुसमट झाली, जगणं नको वाटलं, तर सरकारची टेलीमानस सेवा 14416 वर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं ही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यावर टाकलेली जबाबदारी आहे. ऑफिसला किंवा सासरी कळेल म्हणून थांबू नका. पहिल्या भेटीला ती वही न्या. सूट आणि टाय हा विषय आहे हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर पहिला तास बालपणात जातो. आणि समोरच्याने दहा मिनिटांत 'तुम्ही ट्रान्सजेंडरच आहात' किंवा 'ही सवय आपण सोडवू' यांपैकी काहीही ठामपणे सांगितलं, तर फी द्या आणि दुसरा माणूस शोधा.